चौदाव्या वर्षी हक्क संपतो, मजुरी सुरू होते

सहाव्या वर्षी हात धरून लेकराला शाळेत बसवायचे आणि चौदाव्या वर्षी तोच हात सोडून द्यायचा, असा या देशाचा कायदा आहे. 2009 साली संसदेने मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मंजूर केला. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला आणि त्याची हद्द आखली गेली ती सहा ते चौदा वर्षे, पहिली ते आठवी. आठवीचा निकाल लागला की हक्क संपला. पुढे काय? 2016 साली बालकामगार कायद्याची दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचे नाही असे तिने बजावले, पण त्यातही घरच्या शेताला आणि घरच्या धंद्याला सूट दिली. आणि चौदा पूर्ण झालेल्या मुलाला खाणी, स्फोटके व धोक्याचे कारखाने एवढे सोडून बाकी सारी कामे खुली करून टाकली. ज्या दिवशी एका कायद्याने हातातली वही काढून घेतली, त्याच दिवशी दुसऱ्याने त्या हातात विळा दिला. वडनेर भोलजीच्या मजुराच्या पोरासाठी या दोन कायद्यांच्या मध्ये एका रात्रीचीही उसंत नाही. आणि आठवीनंतरच्या ज्या चार वर्षांवर त्याची जन्माची मजुरी ठरते, त्याच चार वर्षांत सरकार त्याला ओळख दाखवत नाही. हा अन्याय आहे, तो धडधडीत आहे, आणि तो आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने चालू दिला आहे.

वडनेर भोलजी हे बुलडाणा जिल्ह्यातल्या नांदुरा तालुक्यातले, मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसलेले गाव. सुरतेकडून येऊन अकोला, अमरावती, नागपूर करीत कोलकात्याकडे जाणारा हा रस्ता. भोवतालचा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातला. कपाशीचा आणि सोयाबीनचा. ज्याला जमीन नाही, किंवा आहे ती दोन-अडीच एकर कोरडवाहू, त्याचे पोट रोजंदारीवर. निंदणाला रोज, सोयाबीन सोंगायला एकरी गुत्ता, कापूस वेचायला किलोमागे दर. उन्हाळ्यात हेही आटते. मग मुकादमाची उचल, वीटभट्टी, पुण्याकडची बांधकामे. या साऱ्या कामांत एक गोष्ट सारखी आहे. आठवीपर्यंत शिकलेला आणि शाळेचे तोंडही न पाहिलेला, दोघांच्या हातावर एकच मजुरी पडते. रोजगार हमीचेच बघा. 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला 312 रुपये ठरला. मजुराला सही करता येते की तो अंगठा उठवतो, याने त्या 312 रुपयांत एका पैशाचा फरक पडत नाही. कापसाचा काटा वजन बघतो, इयत्ता बघत नाही.

म्हणून बाप विचारतो, "शिकून कोनता कलेक्टर होनार हाये?" वऱ्हाडातल्या खेड्यांत पटनोंदणीला घरोघर फिरणाऱ्या गुरुजींनी हा सवाल शेकडो वेळा ऐकला असेल. शहरातले शहाणे हा सवाल ऐकून मजुराच्या अडाणीपणावर व्याख्याने देतात. आमचे म्हणणे वेगळे आहे. त्या बापाचा हिशोब बरोबर आहे. त्याने आपल्या गावात, आपल्या आळीत, आपल्या भावाच्या आणि मेहुण्याच्या पोरांकडे बघून तो मांडला आहे. आठवी, नववीपर्यंत शाळेत गेलेली ती पोरे आज त्याच्याच शेजारी, त्याच्याच रोजाने माती उपसतात. त्याचा सवाल मूर्खपणाचा नाही. तो या राज्याच्या शिक्षणव्यवस्थेवर ठेवलेला आरोप आहे, आणि त्याला उत्तर देणे हे सरकारचे काम आहे.

उत्तर जगाने शोधलेले आहे. शाळेतले एकेक वर्ष कमाईत किती भर घालते, हे मोजण्याचे सूत्र जेकब मिन्सर या अर्थशास्त्रज्ञाने 1974 साली मांडले. तेव्हापासून देशोदेशी हे मोजमाप चालू आहे. जॉर्ज साकारोपुलोस आणि हॅरी पात्रिनोस या अर्थशास्त्रज्ञांनी 2018 साली 139 देशांतली, सहा दशकांतली अशी हजारावर मोजमापे एकत्र केली. निष्कर्ष निघाला: शाळेचे एक वर्ष वाढले की माणसाची कमाई सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि बाईच्या बाबतीत ही वाढ पुरुषापेक्षा जास्त असते. शिकलेल्यांच्या घरी आधीच पैसा असतो, म्हणून ते जास्त कमावतात, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर इंडोनेशियात सापडले. तेलाचा पैसा हाती येताच त्या सरकारने 1973-74 पासून पाच-सहा वर्षांत 61 हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या, आणि जिथे मुले शाळेबाहेर जास्त तिथे जास्त बांधल्या. ती मुले मोठी होऊन कमावती झाल्यावर अर्थशास्त्रज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी त्यांची कमाई तपासली. शाळा दारात आल्यामुळे ज्यांचे शिक्षण वाढले, त्यांची मजुरी दर वर्षामागे 6.8 ते 10.6 टक्के वाढलेली निघाली. ती मुले श्रीमंतांची नव्हती. त्यांच्या गावात सरकारने शाळा बांधली, एवढाच फरक.

हा हिशोब आपल्या गावात आणून मांडू. रोजच्या 312 रुपयांवर, वर्षाला नऊ टक्के दराने, आठवीनंतरची चार वर्षे चढवली तर रोज सुमारे 440 रुपयांवर जातो. दिवसाला 128 रुपये जास्त. वर्षात 250 दिवस काम मिळाले तर 32 हजार. चाळीस वर्षे घाम गाळणाऱ्या माणसाच्या आयुष्यात हे पावणेतेरा लाखांच्या घरात जाते. भाववाढ यात धरलेलीच नाही. वडनेर भोलजीच्या मजुराला आयुष्यात कोणती सरकारी योजना एवढी रक्कम देणार आहे?

पण सरासरी फसवते, आणि ती नेमकी गरिबाला फसवते. भारतातल्या कमाईच्या आकडेवारीवर गेल्या दोन-तीन दशकांत जे अभ्यास झाले, त्यांतून एक चित्र पुन्हा पुन्हा दिसते. आपल्याकडे शाळेच्या पहिल्या वर्षांचा मोबदला तुटपुंजा आहे, आणि दहावी, बारावी, त्यापुढे जावे तसा तो झपाट्याने वाढतो. याचे कारण शोधायला विद्यापीठात जाण्याची गरज नाही, भरतीची जाहिरात वाचली तरी पुरे. ग्रामीण डाकसेवक व्हायचे तर दहावी पास पाहिजे. आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियन व्हायचे तर दहावी पास पाहिजे. पोलीस शिपायाला बारावी, नर्सिंगला बारावी, आणि आता अंगणवाडी सेविकेलाही बारावी. चांगल्या मजुरीच्या प्रत्येक दारावर दहावी-बारावीचे कुलूप आहे आणि सरकार लेकराला आठवीपर्यंत चालवत आणून त्या दारासमोर सोडून देते. विहीर खणायची, पाण्याच्या चार हात वर थांबायचे आणि मग गावाला सांगायचे की या जमिनीत पाणीच नाही, असला हा कारभार आहे. आठ वर्षांचा खर्च सरकारचा वाया जातो, आठ वर्षांची बुडालेली मजुरी बापाची वाया जाते, आणि पोरगा पुन्हा 312 रुपयांवर येऊन उभा राहतो.

त्या आठ वर्षांत तरी काय पदरी पडते? 2024 च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला नाही. भागाकार करता येणारी मुले तिसऱ्या हिश्शाहूनही कमी निघाली. ही पाहणी 2005 पासून चालू आहे, आणि ती करणारी 'प्रथम' ही संस्था मुंबईतच, महाराष्ट्राच्या मातीत जन्मली. वीस वर्षे हा आरसा आपल्यासमोर धरलेला आहे. ज्याला पाचवीत वाचता येत नाही तो आठवीत बसतो, पण शिकत नाही. नववीत बीजगणित समोर येताच तो शाळेतून उठतो, आणि आम्ही लिहून टाकतो की मुलाला शिक्षणाची आवड नव्हती! आवड त्याला होती. कोणी तरी तिसरीतच त्याच्याजवळ बसून त्याला वाचायला शिकवायला हवे होते.

शिकवायचे कोणी? या राज्याने आपल्या नव्या शिक्षकाला काय लेखले ते पाहावे. शिक्षण सेवक या नावाने नेमलेल्या प्राथमिक शिक्षकाला वर्षानुवर्षे महिन्याला 6,000 रुपये मानधन दिले गेले. 2023 साली ते 16,000 झाले. त्याआधीच्या दराने महिन्याचे तीस दिवस धरले तर दिवसाला 200 रुपये होतात. 2022-23 साली रोजगार हमीचा दर 256 रुपये होता. म्हणजे ज्याने शिकून मास्तर व्हायचे त्याला या सरकारने माती उपसणाऱ्यापेक्षाही कमी रोज दिला! आणि मग गावातल्या बापाने शिक्षणाचे मोल काय समजावे? गावातल्या शिकल्या-सवरलेल्या पोराचा हा मासिक हिशोब गावाला ठाऊक असतो. शिक्षणाची जाहिरात गावाच्या भिंतीवरच्या घोषणांनी होत नसते, गावातल्या मास्तराच्या पगाराने होत असते.

सरकारला शाळाही आता डोईजड झाल्या आहेत. 2017 च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करण्याचा, म्हणजे शेजारच्या शाळेत मिळवण्याचा निर्णय निघाला. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मोजदाद झाली: 14,783 शाळा आणि सुमारे 1 लाख 85 हजार मुले. त्यांना एकत्र करून समूह शाळा उभारायच्या, असा बेत मांडला गेला. कागदावर हे शहाणपणाचे दिसते. पण वस्तीवरच्या सात वर्षांच्या मुलीने पावसाळ्यात नाला ओलांडून तीन कोसांवरच्या समूह शाळेत जायचे कसे, याचे उत्तर त्या कागदात नाही. इंडोनेशियाने शाळा लेकराच्या दारात नेल्या, त्याची मजुरी वाढली. आपण लेकराच्या दारातली शाळा उचलून नेण्याचा विचार करतो आणि मानव विकासाची भाषा बोलतो.

आता मुलीचा हिशोब. तो ऐकताना ज्याच्या अंगाचा तिळपापड होणार नाही, त्याने स्वतःला सुधारक म्हणवू नये. 1992 साली महाराष्ट्राने दुर्बल घटकांतल्या, पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. शाळेत आल्याबद्दल दिवसाला 1 रुपया. 1992 साली त्या रुपयाला थोडे तरी मोल होते. पुढे आमदारांचे पगार वाढले, मंत्र्यांच्या गाड्या वाढल्या, सिलिंडर वाढला, बियाण्याची पिशवी वाढली. मुलीचा रुपया तीन दशके रुपयाच राहिला. इकडे कापूस फुटला की मजूर आईला हात कमी पडतात. किलोमागे दहा रुपये धरले आणि मुलीने दिवसभरात वीस किलो वेचला, तर घरात 200 रुपये येतात. एका बाजूला 200, दुसऱ्या बाजूला 1. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत हा सामना रोज सकाळी त्या घरात होतो आणि रोज सकाळी शाळा हरते. त्या आईला दोष देणाऱ्याने आधी आपल्या चुलीवर त्या 200 रुपयांशिवाय एक दिवस काढून दाखवावा.

शाळा सुटलेल्या मुलीचे पुढे काय होते, हे गावात सर्वांना माहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी सुमारे 22 टक्के बायकांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली निघाली. हे राज्य सावित्रीबाईंचे! सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात. जिजाऊंच्या जन्मस्थानी दर जानेवारीत लाखो माणसे माथा टेकतात आणि परत येऊन दहावीतल्या लेकीसाठी स्थळ शोधतात. हे थांबत नाही तोवर त्या जयजयकाराला अर्थ नाही.

आणि तरीही संशोधन सांगते की शिक्षणाचा मोबदला मुलीलाच जास्त मिळतो. याचा मुंबईतलाच दाखला देतो. कैवान मुनशी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरच्या शाळांचा आणि तिथल्या हजारो कुटुंबांचा अभ्यास केला, तो 2006 साली प्रसिद्ध झाला. गिरणी, गोदी, कारखाना यांत पिढ्यान्‌पिढ्या जातभाईंच्या शिफारशीने चिकटणाऱ्या समाजांतल्या मुलांना त्यांच्या घरच्यांनी जुन्याच वाटेच्या शाळांत ठेवले, कारण पुढची नोकरी ओळखीने मिळणार होती. मुलींना असली ओळख कधीच नव्हती. त्यामुळे त्या नव्या वाटेच्या शाळांकडे वळल्या आणि 1990 नंतरच्या बदललेल्या मुंबईत आपल्या भावांना गाठू लागल्या. वडनेर भोलजीतही तेच सूत्र आहे. मुलाला मुकादम ओळखतो, ठेकेदार ओळखतो, आधी गेलेला चुलतभाऊ सुरतेला बोलावून घेतो. मुलीला कोणी बोलावत नाही. तिच्यासाठी शाळेखेरीज दुसरे दार नाही, आणि आपण नेमके तेच आधी बंद करतो. दिल्लीच्या भोवतालच्या खेड्यांत रॉबर्ट जेन्सन यांनी एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत 2012 साली छापून आला. कॉल सेंटरमध्ये बायकांना नोकऱ्या कशा मिळतात, हे सांगणारी आणि भरतीला मदत करणारी माणसे निवडक गावांत पाठवली. तीन वर्षांत त्या गावांतल्या मुली जास्त दिवस शाळेत राहू लागल्या आणि तरुणींची लग्ने लांबली. आईबापांना उपदेश कोणी केला नव्हता. शिकलेल्या मुलीला पगार मिळतो, हे त्यांना दिसले होते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. "शिकलेली पोरे तरी कुठे कामाला लागली?" 2023 साली तलाठ्याच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. अर्जाची फी खुल्या वर्गाला 1,000 आणि राखीव वर्गाला 900 रुपये. रोजगार हमीवर तीन-चार दिवस राबावे तेव्हा एका अर्जाची फी निघते! बेकार तरुणांकडून फी गोळा करणाऱ्या या व्यवस्थेबद्दल आमच्या मनात संतापाखेरीज काही नाही. 2000 नंतरच्या दशकात गल्लोगल्ली डीएड कॉलेजे निघाली. गरिबांनी शेत गहाण टाकून पोरे शिकवली. मग शिक्षकभरतीच वर्षानुवर्षे थांबली. ती पोरे आज पस्तिशी-चाळिशीत आहेत आणि गाव त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणते, बघा शिकून काय झाले. त्यांचा गुन्हा काय? त्यांनी सरकारवर विश्वास ठेवला. शिक्षणसम्राटांच्या इमारती त्यांच्या फीवर उभ्या राहिल्या, आणि त्या इमारतींवर कोणत्याही कोर्टाने जप्ती आणली नाही.

पण या आक्षेपातून "म्हणून शिकू नये" असा निष्कर्ष काढणाऱ्याला आम्ही रोखठोक सांगतो: सरकारी नोकरी हा शिक्षणाचा एकच मोबदला नाही. अँड्र्यू फॉस्टर आणि रोझेनझ्वाइग यांनी 1996 साली दाखवून दिले की हरितक्रांतीच्या काळात भारतातल्या शिकलेल्या शेतकऱ्याने नवे बियाणे लवकर हाताळले आणि त्याचा नफा जास्त झाला. शिक्षण शेतातही पैसा देते, मात्र शेतीत नवे काही येत असेल तेव्हा. आपल्या कपाशीत 2002 पासून बीटी आले, मागोमाग गुलाबी बोंडअळी आली, दर हंगामाला नवे औषध दुकानात येते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर माणसे मेली, शेकडो रुग्णालयात गेली. त्या डब्यांवर धोक्याचा रंगीत चौकोन होता, लाल म्हणजे सर्वांत जहाल. किती प्रमाण घ्यायचे, अंगात काय घालायचे, हेही बारीक अक्षरात छापलेले होते. ते वाचायला कोणी शिकवले होते का? ज्याला वाचता येते तो डब्यावरचे प्रमाण वाचतो, हजेरीपटावर आपले दिवस मोजतो, मुकादमाच्या वहीत उचलीपुढे वाढवलेले शून्य पकडतो. आपल्या हक्काचा 312 चा रोज 312 च हातात पडावा, यासाठीही अक्षर लागते.

आता इतिहासाकडे पाहा आणि लाजेने मान खाली घाला. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन ठेवले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, हा त्यांचा आरोप होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली सक्तीच्या शिक्षणाचे बिल मांडले. 1912 साली ते 38 विरुद्ध 13 मतांनी आपटले गेले, आणि आपटणाऱ्यांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या जोडीला आपले जमीनदारही होते. बडोद्यात सयाजीरावांनी 1906 साली सारे संस्थान सक्तीच्या शिक्षणाखाली आणले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली तोच हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. 1950 च्या घटनेने दहा वर्षांत चौदाव्या वर्षापर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ठरवले. दहा वर्षांचे साठ झाले, आणि 2010 मध्ये आलेल्या हक्काची हद्द चौदाच राहिली. फुल्यांच्या बारापासून आजच्या चौदापर्यंत! सव्वाशे वर्षांत या देशाने गरिबाच्या लेकराला वयाची दोन वर्षे वाढवून दिली. त्या काळात मात्र नोकरीची अट चौथीवरून सातवीवर, सातवीवरून दहावीवर आणि दहावीवरून बारावीवर गेली. अट पळत राहिली, हक्क जागेवर बसून राहिला.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा केली आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, असे कोठारी आयोगाने 1966 साली सांगितले होते. 2020 च्या धोरणाने तोच सहाचा आकडा पुन्हा छापला. चौपन्न वर्षे जो शब्द पाळला गेला नाही तो पुन्हा दिला गेला. आम्हाला नवा शब्द नको. आम्हाला कायद्यातला एक आकडा बदलून हवा आहे: चौदाच्या जागी अठरा. आणि तो बदल होईपर्यंत महाराष्ट्राने आपल्या तिजोरीतून नववी ते बारावीचा भार उचलावा: मजुरांच्या मुलामुलींना वह्या-पुस्तके, प्रवास, वसतिगृह आणि वेचणीच्या महिन्यांत बुडणाऱ्या मजुरीची भरपाई. लाडक्या बहिणीला महिन्याला 1,500 रुपये देता येतात, हे या सरकारने जुलै 2024 पासून दाखवून दिले आहे. त्या बहिणीच्या दहावीतल्या लेकीला शाळेत राहण्यासाठी तजवीज करायला पैसा नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

गावालाही दोन शब्द सुनावल्याशिवाय आम्ही थांबणार नाही. वेचणीला शाळेच्या वयाची पोर बांधावर दिसली की स्वस्तात काम झाले म्हणून खूश होणारा शेतमालक हा या पापातला भागीदार आहे. पोरीच्या लग्नाला दीड-दोन लाखांचे कर्ज काढणारा आणि तिच्या अकरावीच्या प्रवेशाला "पैसा कुठून आणू" म्हणणारा बाप हाही भागीदार आहे. गाडगेबाबांनी याच वऱ्हाडात हातात खराटा घेऊन सांगितले की ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण लेकराला शिकवा. त्या बाबांचे नाव घेऊन गाव झाडणे सोपे आहे. त्यांचे ऐकणे अवघड आहे, आणि ते केल्याखेरीज सुटका नाही.

आणि जे हक्काचे आहे ते तरी मागून घ्या. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास आहे. ज्या गवंड्याची, बिगाऱ्याची नोंद बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात आहे, त्याच्या अकरावी-बारावीतल्या मुलाला वर्षाला 10,000 रुपयांचे साहाय्य आहे. नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करीत असेल तर त्याचे नाव ग्रामसभेत घ्या. व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींची फी 2024 पासून माफ आहे, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असण्याची अट आहे. पण तिथवर पोहोचायला आधी ती बारावी पास व्हायला हवी.

म्हणून वडनेर भोलजीच्या, नांदुरा तालुक्याच्या आणि बुलडाणा जिल्ह्याच्या प्रत्येक गावाला आमचे सांगणे आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, वर्षात चारदा ग्रामसभा भरते. पुढची जी येईल तीत रस्ता-नालीच्या ठरावाआधी एक यादी वाचली गेली पाहिजे: गावातली चौदा ते अठरा वयाची किती मुलेमुली शाळेबाहेर आहेत, कोण कोणत्या कामावर आहे, कोणाचे लग्न ठरले आहे. ही यादी सरपंचाने करावी, मुख्याध्यापकाने तपासावी, अंगणवाडीताईने आणि आशाताईने तिची खातरजमा करावी. यादी वाचून झाल्यावर अठराव्या वर्षापर्यंतच्या शिक्षणाचा हक्क मागणारा ठराव मांडा, मंजूर करा आणि तालुक्याच्या आमदाराच्या हातात देऊन पोच घ्या. पुढच्या निवडणुकीत तो मत मागायला दारात येईल तेव्हा त्याला ती पोच दाखवा आणि विचारा, विधानसभेत तू या ठरावाचे काय केलेस?